मढं आलं जेवायला

मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालमधल्या त्या डुप्लेक्समध्ये आमचं छत म्हणजे रमिरोकाकांची जमीन होती. ते वर, आम्ही खाली. त्यांचा टाइपरायटर सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याची काच किणकिण वाजायची आणि आई कणीक मळता मळता वर बघून म्हणायची, "झालं, बसले भुतं उठवायला." तिच्या बोलण्यात राग नसायचा. नागपूरहून येऊन आम्हाला जेमतेम वर्ष होत आलं होतं आणि आईला शेजारी भांडं पडलं तरी बरं वाटायचं. तिथे महाल भागातल्या आमच्या घरी सकाळी नळाच्या भांडणांनी जाग यायची. इथे थंडी पडून खिडक्या एकदा लागल्या की माणसाचा म्हणून आवाज येत नसे. बर्फ ढकलणारी गाडी तेवढी घरघरत जायची. त्यामुळे डोक्यावरची ती टकटक आईला सोबतीसारखी होती, आणि टकटक बराच वेळ थांबली की ती मला जिन्यावर पाठवायची, माणूस जेवला की नाही ते बघून ये म्हणून.

त्यांना काका करून टाकलं ते बाबांनी. बाबा विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होते आणि जगातल्या प्रत्येक माणसाला नातं लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी चौदा वर्षांची, सरकारी नियमाप्रमाणे फ्रेंच शाळेत घातलेली, आणि फ्रेंचमधलं एक क्रियापद धड चालवता येत नसलेली. रमिरोकाका सेजेपमध्ये, म्हणजे इकडच्या ज्युनिअर कॉलेजात, स्पॅनिश शिकवायचे. ते मला संध्याकाळी फ्रेंच शिकवू लागले आणि त्या बदल्यात आमच्याकडे जेवू लागले. आईच्या हातचा झुणका ते नाकातून पाणी येईपर्यंत खायचे आणि वर आणखी मागायचे. बाबांचं फ्रेंच 'बोंजूर'च्या थोडंसंच पुढे गेलं होतं, काकांचं इंग्रजी तसंच, त्यामुळे त्या दोघांच्या सगळ्या गप्पा माझ्या तोंडून व्हायच्या. राजकारण, हवामान, नाटक, कशावरही. माझी पोळी गार व्हायची आणि आई म्हणायची, "पोरीला खाऊ द्या की जरा, काय वकील करून राहिले तिला!"

काका मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशातून जीव घेऊन आले होते. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते स्वतःही 'तिकडे' एवढंच म्हणायचे. तरुणपणी तिकडे ते पोटासाठी बसस्टँडवर मिळणाऱ्या स्वस्त पुस्तिका लिहीत. रक्त पिणारे सरदार, अर्धवट कुजलेली प्रेतं, खुनाचा तपास करणारे दारुडे गुप्तहेर. आणि त्याच वेळी विद्यापीठात जुनी स्पॅनिश पद्यनाटकं शिकवत, ज्यांत मृत्यू, आत्मा, जग ही पात्रंच होऊन रंगमंचावर येतात आणि वृत्तात वाद घालतात. सणाच्या दिवशी गाड्यांवर उभं राहून ही नाटकं व्हायची म्हणे. काकांनी पुढे या दोन्हींची मोट बांधली. त्यांच्या नाटकात गुप्तहेर वृत्तात साक्षी घेतो आणि पिशाच आत्म्याशी शास्त्रार्थ करतं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की म्हणाले, म्हणजे आपल्या वेताळानं ओव्या म्हणायच्या, क्या बात है. सगळे एवढे खूश नव्हते. विद्वान म्हणायचे, याने परंपरा बाटवली. तरुण म्हणायचे, भूत चांगलं आहे पण हे कविता कशाला करतंय. आता अशा लिखाणावर लोक पीएच.डी. करतात. तेव्हा मॉन्ट्रियलमधल्या एका तळघरातल्या थिएटरात मोजकी माणसं कोट न काढता ती नाटकं बघायची. एकदा क्रियापदं घोटून झाल्यावर मी त्यांना विचारलं की तुम्हाला खुनाच्या गोष्टी का आवडतात. ते म्हणाले, "त्यात प्रेत सापडतंच. म्हणून."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

पितृपक्षात आईनं माझ्या आजोबांचं पान केलं. केळीचं पान नव्हतं, कागदी डिश होती. खीर, वडे, भात, कढी, गवार मिळाली नाही म्हणून फ्रोझन भेंडीची भाजी. ती डिश तिनं मागच्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली आणि कावळ्याची वाट बघत उभी राहिली. लव्हालमध्ये कावळे आहेत, पण त्यांना आपलं काम माहीत नाही. शेवटी एक खार आली आणि वडा घेऊन पळाली. आई म्हणाली, खार तर खार, कोणाच्या तरी पोटात गेलं. हे सगळं रमिरोकाका जिन्यावरून बघत होते. त्यांनी मला विचारलं की हे कशासाठी. मी सांगितलं, मेलेल्या माणसाला जेवण. दुसऱ्या दिवशी ते खाली आले ते हातात एक टाइप केलेलं नाटक घेऊन. फ्रेंच भाषांतर होतं. ते अजून कुठेही झालं नव्हतं. कोणाला वाचायलाही दिलं नव्हतं.

नाटकाचं नाव होतं 'गैरहजर माणसाचं ताट'. एक म्हातारी रोज संध्याकाळी जास्तीचं ताट वाढते. तिचा धाकटा मुलगा हरवलेला आहे. एक गुप्तहेर त्याचा शोध घेतो, आणि त्याला जे जे साक्षीदार भेटतात ते सगळे मेलेले असतात, कोणी हाडांचा सापळा, कोणी पिशाच. जिवंत माणूस एकही बोलायला तयार नाही. इकडे तो मुलगा रोज त्या ताटावर येऊन बसतो. तो मेला आहे, पण त्याला पुरलेलं नाही, म्हणून घरी येतो. आईला तो दिसतो, पण तो काही खाऊ शकत नाही. शेवटी गुप्तहेराला प्रेत सापडतं, आई ताट उचलून ठेवते आणि पहिल्यांदा स्वतः पोटभर जेवते. बस, एवढंच. अडलं तिथे काका सोप्या फ्रेंचमध्ये समजावत गेले, मी मराठीत सांगत गेले आणि बाबा ऐकत गेले. ते संपल्यावर काकांनी आम्हाला सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाला भर दिवसा बसमधून उतरवून नेलं होतं. त्याचं नाव होतं तोमास. तो परत आला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. आईनं पदर डोळ्याला लावला. काका मला म्हणाले, तुझ्या बाबांना सांग, ते नाटकातले आहेत, त्यांना कळेल. मी सांगितलं. माणसानं आपल्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू आमच्या हातात दिली होती, आणि ती आम्ही नीट सांभाळू एवढाच त्याचा विश्वास होता.

बाबा नाटकातले होते म्हणजे काय, तर इंजिनीअरिंग कॉलेजात त्यांनी एकांकिका स्पर्धा गाजवल्या होत्या. फार्स ही त्यांची हातखंडा गोष्ट. दारामागे लपलेला माणूस, कपाटातून पडलेला सासरा, यात त्यांना कोणी हरवू शकलं नसतं. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला नाटक बसवायचं काम त्या वर्षी त्यांच्याकडे आलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. रमिरोचं नाटक मराठीत करायचं. आणि त्याला सांगायचं नाही. पहिल्या रांगेत बसवायचं, सरप्राइज द्यायचं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. परदेशी नाटकाचं रूपांतर करणं ही आपल्याकडची जुनी रीत, ते म्हणायचे, पात्रांना धोतर नेसवायचं आणि आपल्या मातीत लावायचं. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन, आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही सांगेन.

पहिली अडचण मंडळातून आली. सेक्रेटरी वैद्यकाकूंनी चहाच्या कपातून वर बघत सांगितलं की सणासुदीला स्टेजवर मढं चालणार नाही. अशुभ असतं. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, त्यांना बेस्ट विशेस द्यायच्या की घरी जाऊन आंघोळ करायला लावायची? बाबांनी थोडा वाद घातला, पण मला वाटतं मनातून त्यांना ती अडचण आवडली होती. फार्सवाल्याला दार हवंच असतं, ते त्यांना मिळालं. मुलगा मेलेलाच नाही! तो मुलीबरोबर पळून मुंबईला गेलाय, तिथे लग्न करून बसलाय, आणि घरचे जोडे मारतील म्हणून तोंडाला पावडर फासून भूत बनून जेवायला येतोय. सापळा झाला धान्याचं दुकान चालवणारा लुकडा वाणी, पिशाच झाली शेजारीण. शेवटी सगळं उघड होतं, सूनबाई माप ओलांडते, सगळे मिळून दिवे लावतात. शेवट गोड. नाव ठेवलं 'मढं आलं जेवायला'. वैद्यकाकू नाव ऐकून इतक्या हसल्या की मढं शब्दाचं अशुभ तेवढ्यापुरतं माफ झालं.

आईला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. ती फार शिकलेली नव्हती आणि बाबांना चारचौघात कधी उलट बोलायची नाही, पण त्या दिवशी ती भाजी चिरताना म्हणाली, "अहो, त्याच्या भावाचं आहे ते. त्यात हसण्यासारखं काय सापडलं तुम्हाला?" बाबा म्हणाले, अगं, तो मेलेल्याला रडतोय, आपण त्याला जिवंत करून देतोय, यापेक्षा मोठी भेट कोणती? आई म्हणाली, एकदा विचारा तरी त्याला. बाबा म्हणाले, मग सरप्राइज काय राहिलं. आईनं विळी धुवून ठेवली आणि विषय संपला. मी तिथेच होते. विचारायचं झालं असतं तर मलाच विचारावं लागलं असतं, माझ्याशिवाय त्यांच्यात बोलणार कोण. पण मी गप्प बसले, कारण मढ्याचं काम मला मिळालं होतं. मंडळातल्या मुलांना मराठी कळायचं पण ती उत्तरं इंग्रजीत द्यायची. अस्खलित मराठीत ढेकर देणारं भूत मीच होते.

तालमी आमच्या बेसमेंटमध्ये झाल्या. वरून काका फरशीवर पाय आपटून विचारायचे, एवढे कशाला हसताय? मी जिन्यातून ओरडून सांगायचे, सरप्राइज! ते हसायचे. मला त्या तालमी मनापासून आवडल्या, हे लिहिताना आजही कान तापतात. ताटावर बसून मी म्हणायचे, "आई, मेल्यावर भूक फार लागते गं," आणि सगळे लोळायचे. शाळेत मी कोणालाच हसवू शकत नव्हते. तिथे मी ती भारतीय मुलगी होते जिला 'मी गेले'सुद्धा नीट म्हणता येत नाही. बेसमेंटमध्ये मी एक शब्द बोलायचा अवकाश, वैद्यकाकूंना ठसका लागायचा.

कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये, शनिवारी दुपारी होता. जिमच्या रबराचा वास आणि मसालेभाताचा वास एकत्र आले की मी आजही तिथे थांबत नाही. रमिरोकाका आमच्याच गाडीतून आले. त्यांनी कोट घातला होता, टाय लावला होता, आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. त्यांना पहिल्या रांगेत मंडळाच्या अध्यक्षांशेजारी बसवलं. बाबांनी स्टेजवरून इंग्रजीत सांगितलं की हे नाटक आमच्या मित्राच्या नाटकावर आधारित आहे. ते ऐकून काकांनी खुर्चीतून अर्धवट उठून सगळ्यांना नमस्कार केला, बाबांनी शिकवला होता तसा, दोन्ही हात जोडून. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

स्टेजवरून मला ते नीट दिसत होते. पडदा वर गेला, म्हातारीनं ताट वाढलं, आणि त्यांनी आपलं नाटक ओळखलं. ते पुढे झुकले. मग पहिला हशा आला. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि तेही हसले. दुसरा हशा आला, ते पुन्हा हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते प्रत्येक वेळी सगळ्यांच्या नंतर हसत होते. पाहुणा जसा यजमानाच्या घरी न कळलेल्या विनोदाला हसतो, तसे. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं आणि तरी मी बोलत राहिले, ढेकर दिली, ठरलेल्या जागी थांबले, हशा घेतला. नाटक अर्ध्यावर सोडता येत नाही, हे बाबांनीच शिकवलं होतं. मी आले तेव्हा पांढरी फटक होते, आता पावडरखाली लालबुंद झाले असणार, कोणाला दिसलं नाही. काका नंतर नंतर हसायचे थांबले. फक्त माझ्याकडे बघत राहिले. मी खुर्चीतून उठले, ओल्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हातारीचे हात धरून म्हणाले, "आई, मी जिवंत आहे गं!" आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या आधी, रमिरोकाका उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. डोळे वाहत होते आणि ते टाळ्या वाजवत होते. मग अख्खी जिम उभी राहिली. विंगेत बाबांनी माझा खांदा दाबला आणि म्हणाले, बघितलंस?

सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला, काकांनी माइकवर 'मेर्सी' एवढंच म्हणून आभार मानले. पंगतीत बायकांनी आग्रह करकरून त्यांना जिलबी वाढली आणि त्यांनी ती सगळी खाल्ली. बाबांभोवती माणसांचा गराडा होता. पुढच्या वर्षी तीन अंकी होऊ द्या, कोणीतरी म्हणत होतं.

पुढच्या वर्षी काहीच झालं नाही. बाबांनी त्यानंतर पुन्हा कधी नाटक बसवलं नाही. मंडळातले लोक म्हणायचे, नाटकाचा नाद सुटला त्यांचा, कंपनीत प्रमोशन झालं ना. काका पुढे वर्षभर आमच्या वरच राहिले, जेवायलाही यायचे. पण ते आणि बाबा तेव्हापासून हवामानावर बोलायचे, आणि हवामानाला मध्यस्थ लागत नाही. माझी पोळी गरम गरम खाऊन व्हायची. आज ते दोघंही नाहीत. माझी नात मला विचारते, आजी, व्हाय डोन्ट यू लाइक कॉमेडी? मी तिला सांगते की मला आवडतं गं, फक्त थिएटरात बसून नाही. तिला पूर्ण कधी सांगितलं नाही. काही लाजा घरात एकट्याच्या नसतात. त्या सगळ्यांच्या मिळून असतात, आणि म्हणून कोणीच त्यांच्याविषयी बोलत नाही.

त्या दिवशी कार्यक्रमाहून परत निघालो तेव्हा पाचच वाजले होते, पण अंधार पडला होता आणि त्या मोसमातला पहिला बर्फ भुरभुरत होता. विंटर टायर्स लावायचे राहिले होते म्हणून बाबा सावकाश चालवत होते. काका पुढे त्यांच्या शेजारी, शाल अजून खांद्यावर आणि नारळ मांडीवर. आई आणि मी मागे. बाबा गाणं गुणगुणत होते. थोड्या वेळानं काका माझ्याकडे वळले आणि त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "तो मुलगा इतके दिवस होता कुठे?"

मी म्हटलं, "मुंबईला. एका मुलीबरोबर पळून गेला होता."

"मुलीबरोबर," ते म्हणाले. मग पुन्हा पुढे वळून काचेतून बघू लागले. वायपर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. बाबांनी मला विचारलं की काय म्हणतोय, आवडलं ना त्याला? मी उत्तर द्यायच्या आत काका बोलू लागले. आवाज चढवला नाही. माझ्यासाठी सोप्या फ्रेंचमध्ये बोलले, क्रियापदं शिकवताना बोलायचे तसे.

"माझ्या आईला चौकीत हेच सांगितलं होतं. बाई, तुमचा मुलगा मेलेला नाही. एका मुलीबरोबर मेक्सिकोला पळून गेलाय. रडता कशाला, येईल. ती ते खरं मानून घरी आली. ताट ती मेलेल्यासाठी वाढत नव्हती. येणाऱ्यासाठी वाढत होती, मरेपर्यंत. नाटकात हे लिहायला मला जमलं नाही. म्हणून मी त्याला भूत केलं, आणि एक गुप्तहेर घातला, म्हणजे निदान तिथे तरी तो सापडेल."

मी हे मराठीत सांगितलं. एकेक वाक्य करून सांगितलं, काही गाळलं नाही, कारण गाळून सांगण्याइतकं भान मला उरलं नव्हतं. बाबांचं गुणगुणणं कधी थांबलं कळलं नाही. त्यांनी गाडी बाजूला घेतली, एका फार्मसीच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. आईनं माझा हात घट्ट धरला होता. माझ्या कानामागे पावडर राहिली होती आणि ती खाजत होती, पण हात वर न्यायची मला हिंमत होईना.

मग बाबा माझी वाट न बघता काकांना कळेल अशा साध्या इंग्रजीत, समोर काचेकडे बघत म्हणाले, "रमिरो, आय ॲम अशेम्ड. आय ॲम व्हेरी अशेम्ड."

काकांनी नारळ दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी तो मांडीवर एकदा फिरवला. मग फ्रेंचमध्ये म्हणाले, "मला पण लाज वाटते. तो उठला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या."

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "कळलं."